कॉम्फीयूआयचे कस्टम नोड: कोणते घ्यावेत, कसे बसवावेत आणि कुठे थांबावं?

रील बघताना एखादी भन्नाट एआय इमेज दिसते. खाली कुणीतरी कॉमेंट करतं, "भावा, वर्कफ्लो दे ना." वर्कफ्लोची फाईल मिळते, तुम्ही ती मोठ्या हौसेने कॉम्फीयूआयमध्ये उघडता आणि स्क्रीनवर लाल चौकटीच चौकटी. सोबत संदेश येतो की इतके नोड तुमच्याकडे नाहीत. व्हिडिओतला दादा सांगतो, "काही नाही, हे एक बटण दाबा, सगळे आपोआप बसतात."

बसतात, हे खरं आहे. पण त्या एका बटणाने तुमच्या कॉम्प्युटरवर नेमकं काय येतं, हे फार कमी जण सांगतात. या लेखात कस्टम नोड म्हणजे काय, रोजच्या कामाला कोणते उपयोगी पडतात, ते कसे बसवायचे आणि कोणत्या वेळी हात मागे घ्यायचा, हे सगळं एका जागी बघूया.

आधी थोडक्यात: कॉम्फीयूआय काय आहे?

कॉम्फीयूआय हे एआयने इमेज आणि व्हिडिओ बनवण्याचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. २०२३ च्या सुरुवातीला ते गिटहबवर आलं. इतर ॲपमध्ये एक चौकट असते, त्यात वर्णन लिहायचं आणि बटण दाबायचं. इथे मात्र इमेज बनण्याची प्रत्येक पायरी वेगळ्या डब्यात दिसते. या डब्यालाच नोड म्हणतात. एका नोडमधून वायर निघते आणि दुसऱ्याला जोडली जाते.

सगळ्यात साधा वर्कफ्लो असा असतो: एक नोड मॉडेल उघडतो. दोन नोड तुमचं वर्णन मॉडेलला समजेल अशा आकड्यांत बदलतात, एक 'काय हवं' यासाठी आणि एक 'काय नको' यासाठी. एक नोड रिकामा कॅनव्हास देतो. के-सॅम्पलर नावाचा नोड खरी मेहनत करतो, म्हणजे गोंगाटातून हळूहळू चित्र काढतो. मग व्हीएई डिकोड त्याचं आपल्याला दिसणारं चित्र करतो आणि शेवटचा नोड ते सेव्ह करतो. म्हणजे जेमतेम सात डबे.

याचा मोठा फायदा असा की तुम्ही एकच गोष्ट बदलली, तर कॉम्फीयूआय त्या नोडपासून पुढचाच भाग पुन्हा चालवतं. मागचं तयार असलेलं तसंच राहतं. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर हा वेळ खूप मोलाचा असतो.

कस्टम नोड म्हणजे नक्की काय?

कॉम्फीयूआयसोबत जे नोड येतात ते कोअर नोड. बाकी जगभरातल्या लोकांनी आपापल्या गरजेसाठी लिहिलेले ते कस्टम नोड. एकेका पॅकमध्ये एक ते शंभराहून जास्त नोड असू शकतात.

आतून बघितलं तर कस्टम नोड म्हणजे पायथन भाषेतला प्रोग्रॅम. कॉम्फीयूआयच्या फोल्डरमध्ये 'कस्टम नोड्स' नावाचा एक फोल्डर असतो. प्रत्येक पॅक तिथे आपल्या उपफोल्डरमध्ये राहतो. कॉम्फीयूआय सुरू झालं की ते तिथला प्रत्येक पॅक एकेक करून उघडतं आणि त्यातला कोड चालवतं. प्रत्येक पॅक आपली यादी देतो: माझ्याकडे हे नोड आहेत, यांना हे इनपुट लागतं, हे आउटपुट मिळतं. मग ते नोड तुमच्या मेनूत दिसायला लागतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा अर्धा लेख याच गोष्टीवर उभा आहे. मोबाईलवर ॲप टाकताना तो परवानगी मागतो: कॅमेरा वापरू का, कॉन्टॅक्ट बघू का? तुम्ही नाही म्हणू शकता. कस्टम नोड असं काहीही विचारत नाही. तुमच्या नावाने कॉम्प्युटरवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम जे करू शकतो, ते सगळं तो करू शकतो. फाईल वाचू शकतो, पुसू शकतो, इंटरनेटवर पाठवू शकतो. आणि हे सगळं तुम्ही तो नोड कॅनव्हासवर ठेवलेला नसतानाही घडू शकतं, कारण कोड सुरुवातीलाच चालतो.

नोड बसवायचे तीन मार्ग

१. मॅनेजरमधून. कॉम्फीयूआय मॅनेजर हा सगळ्यात सोपा रस्ता. सुरुवातीला एका कोरियन डेव्हलपरने बनवलेला हा पॅक आता कॉम्फीयूआयची अधिकृत संस्था कॉम्फी ऑर्ग हिच्या गिटहबवर आहे. यात नोड शोधता येतात, बसवता येतात, बंद करता येतात. वर्कफ्लोत नसलेले नोड शोधून देणारं ते प्रसिद्ध बटणही इथेच असतं.

२. गिटने. 'कस्टम नोड्स' फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पॅकचा गिटहबवरचा पत्ता देऊन क्लोन करायचं. मग पॅकसोबत आलेल्या रिक्वायरमेंट्स फाईलमधल्या लायब्ररी पिप वापरून टाकायच्या. विंडोजची पोर्टेबल आवृत्ती वापरत असाल तर एक चूक टाळा. त्या आवृत्तीचा पायथन तिच्याच फोल्डरमध्ये वेगळा असतो. नेहमीच्या टर्मिनलमधून पिप चालवलं तर लायब्ररी भलत्याच पायथनमध्ये जातात आणि नोड काही केल्या चालत नाही.

३. झिप डाउनलोड करून. चालतं, पण पुढे अपडेट करता येत नाही. आणि झिप गिटहबवरून न घेता कुणाच्या तरी ड्राइव्ह लिंकवरून किंवा टेलिग्राम ग्रुपवरून घेतली असेल, तर बसवूच नका.

कुठलाही मार्ग घ्या, शेवटी कॉम्फीयूआय रीस्टार्ट करावं लागतं. रीस्टार्ट करताना मागची काळी खिडकी बघायची सवय लावा. तिथे प्रत्येक पॅक उघडायला किती सेकंद लागले याची यादी येते आणि जो उघडला नाही त्याच्यापुढे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. निम्म्या अडचणींचं उत्तर तिथेच सापडतं.

कामाप्रमाणे निवडक पॅक

नावं पाठ करण्यापेक्षा 'मला काय करायचंय' इथून सुरुवात करा.

चेहरा बिघडतोय. घोळक्यातल्या किंवा लांबच्या माणसांचे चेहरे एआय नीट काढत नाही, कारण तेवढ्याशा जागेत त्याला पिक्सेलच कमी मिळतात. इम्पॅक्ट पॅकमधला फेस डिटेलर चेहरा शोधतो, तेवढा तुकडा मोठा करतो, पुन्हा काढतो आणि जागेवर चिकटवतो.

माणसाची पोझ किंवा घराची रचना तशीच हवी. यासाठी कंट्रोलनेट. कंट्रोलनेट लावायचा नोड कोअरमध्येच आहे. पण फोटोतून पोझ, खोली किंवा रेखाटन काढून द्यायला कंट्रोलनेट ऑक्स हा पॅक लागतो. फक्त कडा काढायच्या असतील तर कॅनी नोड कोअरमध्ये आहे, वेगळं काही टाकू नका.

एका चित्राची शैली दुसऱ्याला द्यायची. आयपी-अडॅप्टर प्लस. शब्दांत सांगता येत नाही ते चित्र दाखवून सांगायचं. पण २०२५ मध्ये याच्या निर्मात्याने आता फक्त देखभालीपुरतं लक्ष देणार असं जाहीर केलं. जुन्या मॉडेलवर तो छान चालतो, नव्यासाठी त्यावर विसंबू नका.

ग्राफिक कार्डची मेमरी कमी आहे. जीजीयूएफ पॅक. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं फ्लक्स डेव्ह हे मॉडेल १२ अब्ज पॅरामीटरचं आहे. १६ बिटमध्ये त्याची फाईल सुमारे २४ जीबीची होते. तेच मॉडेल ४ बिटच्या जवळपास आकुंचित केलं की सात जीबीच्या आसपास येतं. ते दाबलेलं मॉडेल उघडायचं काम हा पॅक करतो. बारकावे थोडे कमी होतात, पण साध्या गेमिंग लॅपटॉपवर काम होतं.

चित्र मोठं करायचंय. अल्टिमेट एसडी अपस्केल. मोठं चित्र फरशीसारख्या तुकड्यांत वाटून एकेक तुकडा सुधारतो, म्हणून मेमरी पुरते.

व्हिडिओ. व्हिडिओ हेल्पर सूट हा पॅक व्हिडिओ फ्रेममध्ये तोडतो आणि फ्रेम जोडून पुन्हा व्हिडिओ करतो. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या मॉडेलवर ॲनिमेशन करायचं असेल तर ॲनिमेटडिफ इव्हॉल्व्ह्ड.

वायरींचा गुंता झालाय. आरजीथ्री पॅकमध्ये नोडचा अख्खा गट एका टिचकीत बंद करता येतो आणि दोन चित्रं एकावर एक ठेवून तुलना करता येते. केजे नोड्समध्ये लांब वायर ओढण्याऐवजी नाव देऊन जोडता येतं. त्याआधी सबग्राफ वापरून बघा. अनेक नोड एका डब्यात घालायची ही सोय २०२५ पासून कोअरमध्ये आली आहे.

मराठी अक्षरांचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. गणेशोत्सवाचं पोस्टर करायचंय आणि मॉडेल देवनागरीच्या नावाखाली काहीतरी किडे काढतं. बहुतेक ओपन मॉडेलना देवनागरी नीट येत नाही. म्हणून लोक चित्रावर मजकूर टाकणारे कस्टम नोड शोधतात.

इथे एक खाच आहे. असे बरेच नोड पिलो नावाच्या पायथन लायब्ररीने अक्षरं काढतात. पिलोला देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या योग्य जागी बसवायला राक्म ही जोडीची लायब्ररी लागते. ती चालू नसेल तर 'शिवजयंती'मधली पहिली वेलांटी 'श'च्या मागे जाऊन बसते आणि 'क्ष' तुटून दोन अक्षरं होतात. मंडळाच्या पोस्टरवर हे कुणालाही चालणार नाही. माझा सल्ला साधा आहे: कॉम्फीयूआयमध्ये फक्त चित्र करा, मजकुरासाठी जागा मोकळी सोडा आणि अक्षरं मोबाईलवरच्या डिझाईन ॲपमध्ये चांगल्या युनिकोड फॉन्टने टाका. एक नोड वाचला, एक डोकेदुखी वाचली.

धोका खरा आहे: दोन घटना

"इतके लोक वापरतात, काय होतंय?" असं वाटणं साहजिक आहे. म्हणून या दोन गोष्टी वाचा.

जून २०२४. एलएलएमव्हिजन नावाचा एक कस्टम नोड गिटहबवर होता. चॅटबॉटसारखी भाषिक मॉडेल कॉम्फीयूआयमध्ये वापरता येतील, असं त्याचं काम. नोडचा दिसणारा कोड ठीकठाक. पण त्याच्या रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये ओळखीच्या कंपन्यांच्या लायब्ररींच्या बदललेल्या प्रती होत्या. त्या ब्राउझरमधले पासवर्ड, कार्डाची माहिती आणि हिस्टरी गोळा करून डिस्कॉर्डमार्फत हल्लेखोराकडे पाठवत होत्या. ज्यांनी नोड बसवला, त्यांना पासवर्ड बदलत बसावं लागलं.

डिसेंबर २०२४. यावेळी नोड बनवणाऱ्याची काहीच चूक नव्हती. अल्ट्रालिटिक्स ही चित्रातल्या वस्तू ओळखणारी नावाजलेली लायब्ररी. तिच्या प्रकाशनाच्या यंत्रणेतच कुणीतरी घुसलं आणि ८.३.४१ व ८.३.४२ या आवृत्त्यांमध्ये क्रिप्टो मायनिंगचा कोड गेला. इम्पॅक्ट पॅक तेव्हा हीच लायब्ररी वापरत होता. म्हणजे एकदम विश्वासाचा पॅक असूनही, त्या दिवसांत ज्यांनी तो बसवला किंवा अपडेट केला त्यांच्या मशीनवर दुसऱ्याचं कॉइन खोदलं जाण्याची शक्यता होती. नंतर हा भाग वेगळ्या इम्पॅक्ट सबपॅकमध्ये हलवला गेला.

पहिल्या घटनेत लेखकच खोटा होता, दुसऱ्या घटनेत लेखक खरा होता पण त्याचा शेजारी लुटला गेला. म्हणून 'स्टार किती आहेत' एवढं बघून भागत नाही. नोड जितके कमी, तितकी दारं कमी.

कॉम्फी ऑर्गने आता नोडसाठी रजिस्ट्री सुरू केली आहे. तिथे प्रत्येक पॅकला आवृत्तीचा क्रमांक असतो आणि काही धोकादायक पद्धतींना नियमानेच बंदी आहे, उदाहरणार्थ नोड चालू असताना गुपचूप लायब्ररी टाकणं. मॅनेजरमध्येही सुरक्षेची पातळी असते. 'नॉर्मल' पातळीवर कुठलाही गिटहब पत्ता टाकून थेट नोड बसवता येत नाही. एखाद्या व्हिडिओत "एरर आली तर ही पातळी वीक करा" असं सांगितलं, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा.

दुसरी अडचण: एक बसवला, तीन मोडले

व्हायरस नसला तरी नोड एकमेकांत भांडतात. सगळे पॅक एकाच पायथनमध्ये राहतात, म्हणजे एका खोलीत दहा रूममेट. एकाला नमपाय लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा हा प्रकार अनेकांनी अनुभवला.

मीही त्यातलाच. मामेबहिणीच्या साखरपुड्याची पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. रात्री अकराला 'सगळं अपडेट करा' हे बटण दाबलं. उगाचच, सगळं चालू होतं. रीस्टार्ट केल्यावर बावीस पॅकपैकी नऊ उघडेनात. रात्री तीनपर्यंत मी लायब्ररींच्या आवृत्त्या वर-खाली करत बसलो. शेवटी नवं कॉम्फीयूआय वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं, फक्त तीन पॅक बसवले आणि पत्रिका झाली. मामीला पत्रिका आवडली, मला मात्र कळलं की उरलेले एकोणीस पॅक मी नुसतेच सांभाळत होतो.

तेव्हापासून माझे नियम ठरलेत:

- काही बसवण्याआधी किंवा अपडेट करण्याआधी मॅनेजरमधून स्नॅपशॉट घ्यायचा. बिघडलं तर बरंचसं मागे नेता येतं.
- काम अर्धवट असताना अपडेट नाही.
- एका वेळी एकच पॅक. बसवा, रीस्टार्ट करा, तपासा, मग पुढचा.
- काहीच चालत नसेल तर सगळे कस्टम नोड बंद ठेवून कॉम्फीयूआय सुरू करायचा पर्याय आहे, तो वापरायचा. तेव्हा चाललं तर दोष एखाद्या पॅकमध्ये. मग निम्मे चालू करा, निम्मे बंद ठेवा. असं अर्ध्या-अर्ध्याने शोधलं की चारपाच फेऱ्यांत चोर सापडतो.

बसवण्याआधी स्वतःला विचारा

१. हे काम कोअर नोडने होतं का?
२. आधी बसवलेल्या पॅकमध्ये असा नोड आहे का?
३. गिटहबवर शेवटचा बदल कधीचा? लोकांच्या तक्रारींना उत्तरं मिळतात का?
४. रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये नुसती लायब्ररींची नावं आहेत, की कुठल्यातरी अनोळखी लिंक? लिंक असतील तर थांबा. एलएलएमव्हिजनमध्ये घात या फाईलनेच केला होता.
५. नोडसोबत मॉडेलही घ्यायचंय का? मग सेफटेन्सर्स प्रकारची फाईल घ्या. जुन्या सीकेपीटी फाईलमध्ये चालणारा कोड लपवता येतो.

आणि शक्य असेल तर ज्या ब्राउझर प्रोफाईलमध्ये बँकेचे पासवर्ड सेव्ह आहेत, तो या कॉम्प्युटरवर ठेवूच नका.

मोबाईलवरून वापरताना

कॉम्फीयूआय मोबाईलच्या आत चालवायची गोष्ट नाही, त्याला ग्राफिक कार्डचा कॉम्प्युटर हवा. पण ते ब्राउझरमध्ये दिसतं, त्यामुळे घरच्या वायफायवर फोनमधूनही उघडता येतं. त्यासाठी 'लिसन' पर्याय देऊन सुरू करावं लागतं. हा पर्याय दिला की त्या वायफायवरचा कुणीही ८१८८ या पोर्टवर येऊन तुमचं कॉम्फीयूआय चालवू शकतो, कारण त्याला पासवर्डच नसतो. घरी ठीक आहे. होस्टेल, कॉलेज किंवा कॅफेच्या वायफायवर अजिबात नको.

दुसरी मजेची आणि जपायची गोष्ट. कॉम्फीयूआयने सेव्ह केलेल्या पीएनजी फाईलमध्ये अख्खा वर्कफ्लो लपलेला असतो. ती फाईल कॅनव्हासवर ओढून टाकली की सगळे नोड जसेच्या तसे उघडतात. मित्राला हे द्यायचं असेल तर व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप चित्र दाबतं आणि वर्कफ्लो उडतो. पण उलटही लक्षात ठेवा: तुम्ही नोडच्या चौकटीत एखादी एपीआय की टाईप केली असेल, तर तीही त्या पीएनजीतून मित्राकडे आणि मित्राच्या मित्राकडे जाऊ शकते.

चुकून गडबड झालीच तर?

संशयास्पद नोड बसला असं लक्षात आलं, तर आधी कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा. मग फोनवरून, म्हणजे दुसऱ्या उपकरणावरून, ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी बदला आणि 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करा. त्यानंतर बँक, सोशल मीडिया आणि बाकीची खाती. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनवर फोन करा. नुसता नोडचा फोल्डर पुसून भागत नाही, कारण पिपने टाकलेल्या लायब्ररी दुसरीकडे राहतात. महत्त्वाच्या फाईल बाजूला काढून सिस्टीम नव्याने टाकणं हाच खात्रीचा उपाय.

कस्टम नोड वाईट नाहीत. कॉम्फीयूआय आज जिथे आहे ते रात्री जागून फुकटात नोड लिहिणाऱ्या लोकांमुळेच. मीही रोज सातआठ पॅक वापरतो. पण पुढच्या वेळी त्या लाल चौकटी दिसल्या, की सगळे बसवायच्या बटणाकडे लगेच जाऊ नका. आधी यादी वाचा. बरेचदा बारापैकी दोनच नोड खऱ्या कामाचे असतात आणि बाकीचे पुसून, वायर थेट जोडून, तेच चित्र मिळतं. एकदा करून बघा.